नाकावरील त्वचेचा कर्करोग काढल्यानंतर नाकाची पुनर्रचना : मराठवाड्यातील रुग्ण आणि नातेवाइकांसाठी मार्गदर्शक

नाकावरची न भरणारी जखम म्हणजे त्वचेचा कर्करोग आहे असे कळल्यावर घरात दोन प्रश्न उभे राहतात : जिवाला धोका आहे का, आणि चेहऱ्याचे काय होणार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा दिलासा देणारे असते, कारण नाकावर सर्वाधिक आढळणारा बेसल सेल कार्सिनोमा सावकाश वाढतो आणि शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळते, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे टप्पे निवांत समजावून सांगायला कोणापाशी वेळ नसतो. मी परभणी जिल्ह्यातील निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या डाव्या नाकपुडीवरचा कर्करोग काढल्यानंतर कपाळाच्या त्वचेतून ती नाकपुडी नव्याने घडवण्यात आली. या उपचारात कोणत्या क्रमाने काय होते, कोठे घाई करायची नाही आणि कोठे चालढकल करायची नाही, एवढेच येथे लिहीत आहे.

१. आधी बायोप्सी

पाश्चात्त्य लोकांच्या गोऱ्या त्वचेवर हा कर्करोग गुलाबी, मोत्यासारखा चमकणारा दिसतो. आपल्या सावळ्या त्वचेवर तो पुष्कळदा तपकिरी किंवा काळा असतो, त्यामुळे घरचे त्याला तीळ, चामखीळ किंवा चश्म्याचा घट्टा समजतात. खपली धरते, तोंड धुताना निघते, थोडे रक्त येते, पुन्हा खपली धरते, असा क्रम महिनाभर चालला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ते जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात आणि तपासणीला पाठवतात. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो ही समजूत खरी नाही. उलट बायोप्सी न करता आठवडी बाजारात तीळ जाळून घेणे किंवा चुना-सोड्याचा लेप लावणे हे खरे संकट आहे. वरची कातडी जळून जागा बरी झाल्यासारखी वाटते, खाली रोग वाढत राहतो, आणि पुढे काढावा लागणारा भाग मोठा होतो.

अहवालात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (त्वचेच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार) असे आले, तर मानेच्या आणि जबड्याखालच्या गाठींची तपासणी करून घ्यावी, कारण तो तेथे पोहोचू शकतो. मेलॅनोमा हा तिसरा प्रकार आल्यास उपचाराचा मार्गच निराळा असतो आणि हा लेख त्याच्यासाठी नाही.

२. कोठे जावे

छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून सुरू आहे आणि ते राज्य कर्करोग संस्था म्हणून ओळखले जाते. ‘घाटी’ म्हणजे संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय महाविद्यालये येथे निदान व प्राथमिक शस्त्रक्रियेची सोय आहे. धाराशिव आणि लातूरच्या बऱ्याच रुग्णांना बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय जवळ पडते. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांची संख्याही आपल्याकडे मोठी आहे. तेथे जाणार असाल तर राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करावी.

रुग्णालयाच्या नावापेक्षा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो पहिल्याच भेटीत विचारावा : कर्करोग काढणारे आणि नाक पुन्हा बांधणारे डॉक्टर एकाच छताखाली आहेत का? प्लास्टिक सर्जरीचा विभाग प्रत्येक रुग्णालयात असतोच असे नाही. काढण्याचे काम एका गावात आणि बांधण्याचे दुसऱ्या गावात करावे लागणार असेल, तर दोन्ही डॉक्टरांचे पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी एकमेकांशी बोलणे झाले पाहिजे. कोठे छेद घ्यायचा, कोणती रक्तवाहिनी जपायची, हे त्या बोलण्यात ठरते. कपाळाच्या ज्या भागातून पुढे त्वचा घ्यायची आहे, तेथे आधीच कोणी चीर दिली तर ती वाट बंद होऊ शकते.

३. कागदपत्रे आणि योजना

एका जाड प्लास्टिकच्या फाइलमध्ये पुढील गोष्टी ठेवाव्यात आणि प्रत्येकीच्या दोन छायाप्रती काढाव्यात.

• आधार कार्ड, शिधापत्रिका, आयुष्मान कार्ड असल्यास ते
• बायोप्सीचा मूळ अहवाल. रुग्णालय बदलत असाल तर बायोप्सीचा तुकडा ज्यांत जपलेला असतो त्या काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉकही
• शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड
• चालू गोळ्यांची चिठ्ठी, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह आणि रक्तदाब यांची
• आजारापूर्वीचे दोन-तीन स्पष्ट फोटो, एक समोरून आणि शक्य असल्यास एक बाजूने

शेवटची गोष्ट कोणी मागत नाही, तरीही न्यावी. नाकाची मूळ ठेवण कशी होती हे डॉक्टरांना त्यावरून कळते. लग्नाच्या अल्बममधला फोटोही चालतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल असते. भरती होण्याआधी तेथे जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात : आपली शस्त्रक्रिया यादीत कोणत्या नावाने बसते, पूर्वमंजुरीला काय लागते, आणि दुसऱ्या टप्प्याच्या शस्त्रक्रियेसाठी स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागेल का. शंका असल्यास १५५३८८ किंवा १४५५५ या क्रमांकांवर चौकशी करता येते.

येथे एक सापळा आहे. कागदावर नुसते ‘नाकाची प्लास्टिक सर्जरी’ असे लिहिले गेले, तर ती सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया समजली जाऊन अर्ज अडकू शकतो. ‘कर्करोग काढल्यानंतरची पुनर्रचना’ हा उल्लेख डॉक्टरांच्या चिठ्ठीत आणि अर्जात ठळकपणे असावा आणि सोबत बायोप्सीचा अहवाल जोडलेला असावा. खासगी विम्याच्या बाबतीतही हेच करावे.

प्रवासाबद्दल थोडेसे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर एसीचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र घ्यावे लागते. देवगिरी किंवा नंदीग्रामने मुंबईला जाणाऱ्यांनी ते पहिल्याच भेटीत मागून घ्यावे. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे.

४. कडा मोकळ्या असल्याचा अहवाल येईपर्यंत थांबा

या लेखातील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि कुटुंबाचा धीर येथेच सुटतो.

बाहेरून जेवढा डाग दिसतो, तेवढाच कर्करोग असतो असे नाही. त्याची मुळे त्वचेखाली बोटांसारखी पसरलेली असू शकतात, आणि चेहऱ्याच्या मध्यभागी, म्हणजे नाक, डोळ्यांचे कोपरे आणि ओठांच्या भोवती, तो परत उद्भवण्याचा धोका अधिक असतो. म्हणून डॉक्टर भोवतालची काही मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचाही काढतात आणि त्या तुकड्याच्या कडा तपासायला पाठवतात. कडांवर रोग नसेल तर ‘मार्जिन निगेटिव्ह’ किंवा ‘फ्री’ असे लिहिलेले असते. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे रोग मागे राहिला आहे आणि आणखी काढावे लागेल. ‘क्लोज’ म्हणजे रोग कडेच्या फार जवळ आहे, तेव्हा निर्णय चर्चेने घ्यावा. बाजूच्या कडांइतकीच खालची, म्हणजे खोलीकडची कडा महत्त्वाची असते. तिच्याबद्दल वेगळे विचारावे. ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ असे शब्द असतील, तर रोग मज्जातंतूच्या कडेने सरकला आहे, आणि रेडिएशनचा विचार करावा लागतो का, हे पुनर्रचनेच्या आधी ठरले पाहिजे.

कडा तपासण्याच्या पद्धती तीन आहेत. मोह्स पद्धतीत एकेक पातळ थर काढून त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली सगळी कडा पाहतात आणि रोग संपेपर्यंत तसेच पुढे जातात. ही सोय भारतात मोजक्या ठिकाणी आहे. फ्रोझन सेक्शनमध्ये रुग्ण टेबलावर असतानाच तुकडा गोठवून तपासला जातो. तिसरी पद्धत म्हणजे रोग काढून जखमेवर पट्टी किंवा तात्पुरता ग्राफ्ट (दुसऱ्या जागेवरून पूर्ण काढून लावलेली त्वचा) ठेवायचा, नेहमीच्या पद्धतीने होणाऱ्या तपासणीचा पक्का अहवाल येऊ द्यायचा आणि मग नाक बांधायचे. आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला ही तिसरी पद्धत येते, आणि तिच्यात काही कमीपणा नाही.

वाट पाहण्याचे कारण साधे आहे. मुळे शिल्लक असताना वर नवी त्वचा बसवली, तर पुढचा रोग जाड त्वचेखाली झाकला जातो आणि उशिरा दिसतो. शिवाय कपाळाची चांगली त्वचा एकदा वापरली गेली की दुसऱ्या खेपेला तेवढी चांगली मिळत नाही. पाहुणे येतात, उघडे नाक पाहून हळहळतात आणि ‘एकदाचे झाकून का टाकत नाहीत’ असे विचारतात. त्यांना घरातल्या एका माणसाने शांतपणे उत्तर द्यावे. रुग्णावर ते काम टाकू नये. या दिवसांत डॉक्टरांनी दिलेले मलम आणि व्हॅसलिनची जाळी लावून जखम ओलसर ठेवावी, हळद किंवा राख लावू नये, आणि पावसाळ्यात माशांपासून फार जपावे. बाहेर जाताना मास्क लावला की कोणी दुसऱ्यांदा वळून पाहत नाही.

५. कोणती पद्धत, हे काय गेले आहे त्यावर ठरते

नाकाला तीन थर असतात : बाहेरची त्वचा, मधला कूर्चा (मऊ हाड) आणि हाडांचा सांगाडा आणि आतले अस्तर. यांपैकी काय गेले आहे, हा डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जागेचा. शल्यचिकित्सक नाकाचे नऊ उपभाग मानतात : कणा, शेंडा, दोन बाजू, दोन नाकपुड्या, मधला खांब आणि नाकपुड्यांच्या कडेचे दोन नाजूक त्रिकोण. एखाद्या उपभागाचा निम्म्याहून अधिक भाग गेला असेल, तर उरलेला काढून तो संपूर्ण उपभाग नवा करण्याकडे अनेकांचा कल असतो, कारण व्रण दोन उपभागांच्या सीमेवर पडला की डोळ्याला खटकत नाही. ‘चांगली त्वचाही काढली’ अशी तक्रार करण्याआधी हे लक्षात घ्यावे.

नाक आणि गाल यांच्यामधल्या खोलगट जागेतली लहान, उथळ जखम कधी कधी आपोआप भरू दिली जाते. लहान जखमेवर कानाच्या पुढची किंवा मागची त्वचा ग्राफ्ट म्हणून लावतात, मात्र तिचा रंग व जाडी थोडी वेगळी दिसू शकते. साधारण दीड सेंटीमीटरपर्यंतच्या जखमेसाठी नाकावरचीच शेजारची त्वचा वळवून घेता येते. नाकपुडीसाठी गालाच्या घडीतली त्वचा वापरतात. मोठ्या किंवा खोल जखमेला कपाळाचा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठा न तोडता कपाळावरून वळवून आणलेली त्वचा, लागतो. आधार गेला असेल तर कानाची, नाकाच्या पडद्याची किंवा बरगडीची कूर्चा वापरतात, आणि अस्तर नसेल तर तेही करावे लागते. अस्तराशिवाय केलेले नाक पुढे आक्रसते. ज्यांना मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही, त्यांच्यासाठी कृत्रिम नाकाचा पर्यायही आहे, आणि तो सन्मानाचा पर्याय आहे.

कपाळाचा फ्लॅप ऐकून लोक दचकतात. ही पद्धत परदेशातून आपल्याकडे आलेली नाही. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक टिपूच्या सैन्याने कापले होते. पुण्याच्या एका स्थानिक कारागीर-वैद्याने कपाळाच्या त्वचेतून त्याचे नाक पुन्हा घडवले, आणि त्याचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आले. त्यानंतर युरोपातल्या शल्यचिकित्सकांनी ती उचलली. त्या वैद्याने मेणाच्या पातळ पत्र्याचा साचा करून कपाळावर मांडला होता. आजचे डॉक्टर टाक्यांच्या पाकिटाचा पातळ पत्रा तसाच कापून घेतात.

६. शस्त्रक्रियेपूर्वी

तंबाखू पूर्ण बंद. बिडी, सिगारेट, गुटखा, मळलेली तंबाखू आणि मिश्रीसुद्धा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि फ्लॅप जगतो तो त्यांच्याच जोरावर. निदान चार आठवडे आधीपासून आणि शेवटचा टप्पा होईपर्यंत हे पाळावे लागते. मिश्री लावणाऱ्या बाया ती व्यसनात धरत नाहीत आणि डॉक्टरांनी विचारले तरी सांगत नाहीत. सोबतच्या माणसाने ते सांगावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, हृदयाच्या डॉक्टरांचे मत लेखी आणावे. साखर आटोक्यात आणावी. मोरणी, चमकी, नथ घरीच काढून ठेवावी. कपाळ अरुंद असेल तर फ्लॅपच्या टोकाला केसांची मुळे येऊन नाकावर केस उगवू शकतात. त्यावर पुढे काय करता येईल, हे आधी विचारून घ्यावे.

तारीख ठरवताना शेताचे वेळापत्रक डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. कपाळाच्या फ्लॅपला किमान दोन टप्पे लागतात आणि मधल्या काळात जड काम, वाकणे, धूळ हे सगळे वर्ज्य असते. सोयाबीनची काढणी किंवा कापसाची वेचणी तोंडावर असताना पहिला टप्पा करून घेतला, तर माणूस घरी स्वस्थ बसत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर पहिला टप्पा उरकून कारखान्यावर जाण्याचा विचारही करू नये. मात्र हंगामासाठी पुढे ढकलायची ती पुनर्रचना. कर्करोग काढणे हंगामासाठी थांबवायचे नाही.

७. देठाचे आठवडे

कपाळाची त्वचा नाकावर वळवली जाते, तेव्हा ती पूर्ण तोडत नाहीत. भुवईच्या आतल्या टोकाजवळून येणाऱ्या रक्तवाहिनीवर ती एका देठाने टांगलेली राहते. भुवईपासून नाकापर्यंत हा देठ डोळ्यांसमोर दिसत राहतो. पहिल्यांदा आरसा पाहताना कोणीतरी जवळ असावे, आणि घरातल्या लहान मुलांना आधीच सांगून ठेवावे. साधारण तीन आठवड्यांत फ्लॅपला नाकाकडून रक्तपुरवठा मिळू लागतो आणि मग देठ कापता येतो. काही रुग्णांत तीन टप्पे केले जातात. तीन आठवड्यांनी फ्लॅप उचलून पातळ करतात, आणि देठ सहाव्या आठवड्याच्या सुमारास कापतात. नाकाच्या बारकाव्यांसाठी हा वेळ दिला जातो, म्हणून ‘एकाच वेळी करून टाका’ असा आग्रह धरू नये.

पहिले दोन दिवस देठाच्या उघड्या बाजूने रक्त पाझरते. पट्टी भिजणे अपेक्षित आहे, धार लागणे नाही. उशी उंच ठेवून उताणे झोपावे. चश्मा नाकावर टेकवता येत नाही, त्यामुळे ज्यांचे चश्म्याशिवाय अडते त्यांनी तो कपाळपट्टीला दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने अडकवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. डोक्यावरून घालायचे कपडे टाळावेत. पुढून उघडणारा सदरा किंवा ब्लाउज सोयीचा. नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. फ्लॅपवर शेक किंवा बर्फ ठेवू नये. कपाळाच्या वरच्या भागातली जखम कधी कधी पूर्ण शिवली जात नाही. ती मलम-पट्टीने काही आठवड्यांत भरते आणि व्रण बहुधा अपेक्षेपेक्षा बरा होतो.

पुढील गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात फोन करावा : फ्लॅप पांढराफटक आणि थंड पडणे, गडद निळा-काळा होऊन ताठणे, दाबूनही न थांबणारे रक्त, पू, दुर्गंधी किंवा ताप. रात्री कोणाला फोन करायचा, तो क्रमांक डिस्चार्जच्या वेळी कार्डावर लिहून घ्यावा. तालुक्यापासून लांब राहणाऱ्यांनी पहिला आठवडा रुग्णालयाच्या गावी नातेवाइकांकडे काढावा, हे माझे स्पष्ट मत आहे. पट्टी बदलायला रोज खाचखळग्यांतून प्रवास करण्यापेक्षा ते बरे.

८. देठ कापल्यानंतर

नाक लगेच नाकासारखे दिसत नाही. ते सुजलेले, जाड आणि बधिर असते. सूज महिनोन्‌महिने उतरत राहते आणि अंतिम रूप यायला वर्षभर लागू शकते. मध्ये फ्लॅप आणखी पातळ करणे, कडा सारखी करणे, नाकपुडीचे तोंड मोठे करणे अशा लहान दुरुस्त्या होऊ शकतात. श्वास कोंडत असेल तर ‘दिसायला ठीक आहे ना’ म्हणून गप्प बसू नये, तीही दुरुस्तीचीच बाब आहे. नाकपुडी उघडी राहावी म्हणून नळी किंवा स्टेंट घालायला सांगितले असेल तर सांगितलेल्या मुदतीपर्यंत घालावे. नव्या नाकपुडीला टोचून घेऊ नये. सणासुदीला दाबाची नथ दुसऱ्या बाजूला लावता येते, पण तीही डॉक्टरांना विचारूनच.

९. पुढची तपासणी

बेसल सेल कार्सिनोमाच्या रुग्णाने पहिली पाच वर्षे दर सहा ते बारा महिन्यांनी त्वचा दाखवावी. स्क्वॅमसच्या रुग्णाला सुरुवातीची दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात आणि मानही तपासतात. फ्लॅपच्या कडेला नवी खपली, न दुखणारा कठीण उंचवटा किंवा मुंग्या आल्यासारखे वाटणे दिसले, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये.

शेतात जाणाऱ्यांनी सकाळी दहा ते दुपारी चारचे ऊन जमेल तितके टाळावे, रुंद काठाची टोपी घालावी, आणि जखम पूर्ण भरल्यावर एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन लावावे. गांधी टोपीने नाकावर सावली पडत नाही. उपरणे किंवा पदर पुढे ओढला तर थोडी पडते. एकदा त्वचेचा कर्करोग झालेल्या माणसाला दुसऱ्या जागी नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, म्हणून महिन्यातून एकदा अंघोळीनंतर कानांच्या पाळ्या, कानांमागची जागा, मानेचा मागचा भाग आणि टक्कल असल्यास डोके घरातल्या कोणाकडून तरी चांगल्या उजेडात पाहून घ्यावे.